झेंडा लिओपोल्डव्हिलला, तिजोरी ब्रुसेल्सला

२०२५ च्या जून-जुलैत काँगो एकापाठोपाठ एक बातम्यांत येत राहिला. जूनच्या मध्यास बेल्जियमच्या सरकारी वकिलांनी एतिएन दाव्हिन्यों या तेव्हा ९२ वर्षांच्या माजी मुत्सद्द्यावर स्वतंत्र काँगोचे पंतप्रधान पात्रिस लुमुम्बा यांच्या हत्येच्या प्रकरणात खटला चालवावा, अशी मागणी केली. २७ जूनला वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडा यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता करारावर सह्या केल्या. ३० जूनला काँगोच्या स्वातंत्र्याला ६५ वर्षे झाली आणि २ जुलैला लुमुम्बांची जन्मशताब्दी होती. यातल्या वॉशिंग्टनच्या करारावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. कोबाल्ट, तांबे आणि अमेरिकी कंपन्या यांची समीकरणे मांडून झाली. ब्रुसेल्सची बातमी मात्र कोपऱ्यात राहिली. खरे तर पूर्व काँगोत आज जे चालले आहे त्याची मुळे शोधायची तर ब्रुसेल्सच्या त्या फायलीतच शिरायला हवे. ती फाईल स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षाची आहे, आणि इतके भीषण पहिले वर्ष फार थोड्या देशांच्या वाट्याला आले असेल.

बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाचे रबर आणि तोडलेले हात यांची कहाणी वाचकांना ठाऊक आहे. तिथे न थांबता थेट १९६० मध्ये जाऊ.

त्या वर्षाबद्दल नेहमी ऐकू येणारे स्पष्टीकरण असे: काँगोली लोक तयार नव्हते. त्यासाठी दिले जाणारे आकडे खरेच आहेत. बेल्जियमच्या सुमारे ७५ पट मोठ्या या देशात पदवीधर तीससुद्धा नव्हते, एकही काँगोली डॉक्टर नव्हता, आणि प्रशासनातल्या जवळपास पाच हजार वरिष्ठ जागांपैकी केवळ तीन काँगोली लोकांकडे होत्या. पण हे आकडे ज्यांनी घडवले त्यांनीच ते पुरावा म्हणून पुढे करावेत, हे पटण्याजोगे नाही. १९५५-५६ मध्ये व्हान बिल्सेन या बेल्जियन प्राध्यापकाने तीस वर्षांत टप्प्याटप्प्याने स्वातंत्र्य देण्याची योजना मांडली, तेव्हा ब्रुसेल्समध्ये त्याला वेड्यात काढले गेले. जानेवारी १९५९ मध्ये राजधानी लिओपोल्डव्हिलमध्ये दंगली उसळल्या, आणि त्यानंतर दीडच वर्षात सगळे आवरून निघण्याची घाई सुरू झाली.

या घाईत काय काय दिले गेले याची चर्चा खूप होते. काय दिले गेले नाही, ते जास्त महत्त्वाचे आहे. जानेवारी-फेब्रुवारी १९६० मध्ये ब्रुसेल्सला राजकीय गोलमेज परिषद झाली. तिथे सगळे नेते हजर होते आणि ३० जून ही तारीख ठरली. एप्रिल-मेमध्ये दुसरी परिषद झाली, आर्थिक विषयावर. नेते तेव्हा निवडणुकीच्या प्रचारात गुंतले होते. त्यांनी विद्यार्थी आणि दुय्यम कार्यकर्ते पाठवले. लुमुम्बांच्या पक्षातर्फे बसलेल्यांत जोसेफ मोबुटू नावाचा एक तरुण पत्रकार होता. समोर बेल्जियमचे मुरलेले अर्थतज्ज्ञ आणि कंपन्यांचे लोक होते. वसाहतीने काढलेली कर्जे, कंपन्यांतले सरकारी समभाग, मुख्यालये कुठल्या देशाच्या कायद्याखाली राहणार, असे सगळे प्रश्न तिथे होते आणि त्यांतले बहुतेक बेल्जियमला हवे तसे सुटले किंवा लटकत राहिले.

मग आला २७ जून. स्वातंत्र्याला तीन दिवस उरले असताना बेल्जियमने ‘कटांगा विशेष समिती’ बरखास्त केली. नाव रुक्ष आहे, म्हणून इतिहासाची पुस्तके या घटनेवरून भरभर पुढे सरकतात. पण युनियन मिनिएर या बलाढ्य खाण कंपनीतला मताधिकार या समितीकडे होता आणि समितीतला मोठा हिस्सा वसाहतीच्या सरकारचा. समिती टिकली असती तर तो वारसाहक्काने नव्या सरकारकडे आला असता. जगातल्या निम्म्याहून अधिक कोबाल्टचे उत्पादन करणाऱ्या, हिरोशिमाच्या बॉम्बसाठी शिंकोलोब्वेचे युरेनियम पुरवणाऱ्या कंपनीवर स्वतंत्र काँगोचा अंकुश राहिला असता. घर नावावर करून द्यायचे आणि तिजोरीची किल्ली आदल्या रात्री काढून घ्यायची, तसेच हे झाले.

३० जूनचा समारंभ प्रसिद्ध आहे. राजा बोदुआँ यांनी लिओपोल्डच्या प्रतिभेचा गौरव केला, राष्ट्राध्यक्ष कासावुबू सौजन्याने बोलले, आणि कार्यक्रमपत्रिकेत नाव नसलेले पंतप्रधान लुमुम्बा उठले. वेठबिगार, मारहाण, अपमान, हिरावलेल्या जमिनी यांचा हिशेब त्यांनी राजासमोर मांडला. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी त्या भाषणाला उद्धटपणा म्हटले. आज ते वाचताना त्यात एकही खोटे वाक्य सापडत नाही. स्टॅन्लीव्हिलच्या टपाल खात्यात कारकुनी केलेला, नंतर बिअरची विक्री करणारा हा माणूस दोन दिवसांनी ३५ वर्षांचा होणार होता.

पाच दिवसांत सैन्याने बंड केले.

हे बंड समजून घ्यायचे तर सैन्य काय होते ते पाहायला हवे. फोर्स प्युब्लिकमध्ये सुमारे २५ हजार शिपाई होते आणि जवळपास एक हजार अधिकारी. अधिकारी झाडून सगळे बेल्जियन. स्वातंत्र्यानंतर मंत्र्यांना मोटारी मिळाल्या, खासदारांनी स्वतःचे मानधन वाढवून घेतले, आणि शिपायाला तोच गोरा अधिकारी, तीच शिवी आणि तोच पगार राहिला. ५ जुलैला सेनापती एमिल यान्सेन्स यांनी राजधानीतल्या छावणीत फळ्यावर खडूने समीकरण लिहिले: स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर. त्याच संध्याकाळी थिसव्हिलची छावणी पेटली. बंडखोर शिपायांनी बेल्जियन कुटुंबांवर हल्ले केले, स्त्रियांवर बलात्कार केले. हजारो युरोपीय नदी ओलांडून ब्राझाव्हिलकडे आणि विमानांनी ब्रुसेल्सकडे पळाले. त्यांच्यात डॉक्टर होते, न्यायाधीश होते, तारयंत्र चालवणारे होते. लुमुम्बांनी यान्सेन्सना काढले, सगळ्यांना एकेक पायरी बढती दिली, आणि सैन्याच्या चीफ ऑफ स्टाफपदी आपल्या विश्वासातल्या मोबुटूला बसवले. ती निवड त्यांच्या जिवावर उठली.

त्यापुढचे दिवस श्वास घ्यायला उसंत देत नाहीत. १० जुलैला बेल्जियन सैन्य काँगो सरकारची परवानगी न घेता उतरले. ११ जुलैला कटांगा प्रांताचे नेते मोइझ त्शोंबे यांनी तो प्रांत वेगळा झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी कासावुबू आणि लुमुम्बा यांनी मिळून संयुक्त राष्ट्रांना तार केली, आणि १४ जुलैला सुरक्षा परिषदेने शांतिसेना मंजूर केली. देशाचे वय तेव्हा दोन आठवडे होते.

कटांगाला जगातल्या एकाही देशाने मान्यता दिली नाही. तरी तो अडीच वर्षे टिकला, कारण युनियन मिनिएरचे कर लिओपोल्डव्हिलऐवजी एलिझाबेथव्हिलमध्ये, म्हणजे आजच्या लुबुंबाशीत, भरले जाऊ लागले. त्या पैशातून त्शोंबेंची फौज उभी राहिली आणि तिचे नेतृत्व बेल्जियन अधिकाऱ्यांनी केले. ऑगस्टमध्ये हिऱ्यांच्या खाणींचा दक्षिण कसाई प्रांतही तिथले नेते अल्बेर कालोंजी यांनी फोडला. केंद्र सरकारकडे मग उरले काय? झेंडा, संसद आणि पगाराची वाट पाहणारे सैन्य.

इथे लुमुम्बांची बाजू घेणाऱ्यांनीही डोळे मिटू नयेत. कसाई परत घ्यायला त्यांनी पाठवलेल्या सैन्याने ऑगस्टच्या अखेरीस बाक्वांगात लुबा समाजाच्या लोकांची कत्तल केली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी त्यात वंशसंहाराची लक्षणे पाहिली. कटांगातून बेल्जियन फौजा बळाने हटवायला हॅमरशोल्ड तयार होत नाहीत, हे पाहून लुमुम्बांनी सोव्हिएत विमाने घेतली, आणि शीतयुद्धाच्या त्या दिवसांत वॉशिंग्टनला तेवढे पुरले. सीआयएचे प्रमुख अॅलन डलेस यांनी ऑगस्टमध्येच लुमुम्बांना हटवण्याला अग्रक्रम देण्याचे कळवले होते. सप्टेंबरमध्ये संस्थेचा रसायनतज्ज्ञ विष घेऊन लिओपोल्डव्हिलला पोहोचला. हे १९७५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीनेच उघड केले. ते विष वापरले गेले नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात या वणव्यात एक भारतीय माणूस पोहोचला, आणि त्याच्याविषयी आपल्याकडे फार कमी लिहिले गेले आहे. राजेश्वर दयाल आयसीएसमधले अधिकारी, पाकिस्तानातले भारताचे उच्चायुक्त. त्याआधी लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षक गटात काम केलेले. हॅमरशोल्ड यांनी त्यांना काँगोतले आपले विशेष प्रतिनिधी म्हणून बोलावले. ५ सप्टेंबरला कासावुबूंनी रेडिओवरून लुमुम्बांना बडतर्फ केले. लुमुम्बांनी उलट कासावुबूंनाच बडतर्फ केल्याचे जाहीर केले. दयाल यांच्या हाती सूत्रे येण्याआधीच त्यांचे अमेरिकी पूर्वाधिकारी अँड्र्यू कॉर्डिअर यांनी विमानतळ आणि रेडिओ केंद्र बंद केले होते. दिसायला निर्णय तटस्थ होता. पण कासावुबूंना नदीपलीकडचा ब्राझाव्हिलचा रेडिओ उपलब्ध होता, आणि लुमुम्बांचे सगळे बळ त्यांच्या वाणीत होते. याच दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या पैशातून सैनिकांचा थकलेला पगार वाटला गेला. त्याचे श्रेय मोबुटूला मिळाले. १४ सप्टेंबरला त्याने सगळे राजकारणी ‘तटस्थ’ केल्याची घोषणा केली आणि कारभार पदवीधर-विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे दिला.

दयाल यांनी ते मंडळ कायदेशीर मानले नाही. ऑक्टोबरमध्ये मोबुटूचे लोक लुमुम्बांना अटक करायला आले तेव्हा त्यांच्या घराभोवतीच्या शांतिसैनिकांनी वॉरंट नाकारले. घराभोवती आत संयुक्त राष्ट्रांचे कडे आणि बाहेर मोबुटूच्या सैनिकांचे, अशा दुहेरी वेढ्यात पदच्युत पंतप्रधान राहत होते. २ नोव्हेंबरच्या अहवालात दयाल यांनी दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: बेल्जियन सल्लागार मोठ्या संख्येने मंत्रालयांत परतत आहेत, आणि अराजक पसरवणारे प्रमुख कारण खुद्द सैन्य आहे. उपाय म्हणून त्यांनी संसद पुन्हा बोलवावी असे सुचवले. वॉशिंग्टन संतापले, ब्रुसेल्स संतापले, आणि जानेवारीत कासावुबूंनी दयाल यांना परत बोलावण्याची मागणी केली. आज तो अहवाल वाचला तर त्यातले निदान किती अचूक होते ते जाणवते.

तरीही दयाल यांच्या काळावरचा एक डाग पुसता येत नाही. संरक्षण लुमुम्बांच्या घरापुरतेच, हा संयुक्त राष्ट्रांचा नियम होता. २७ नोव्हेंबरच्या रात्री ते घरातून निसटले आणि स्टॅन्लीव्हिलकडे निघाले; तिथे त्यांचे सहकारी प्रतिस्पर्धी सरकार उभारण्याच्या तयारीत होते. वाटेत गावोगावी लोकांनी अडवले, भाषणे मागितली, उशीर झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला सांकुरू नदीजवळ ते पकडले गेले. आसपासच्या शांतिसैनिकांना मध्ये पडू नका असा आदेश होता. निवडून आलेल्या पंतप्रधानाला दोऱ्यांनी बांधून ट्रकमध्ये चढवले जात असताना जगाने ते चित्रफितीवर पाहिले.

१७ जानेवारी १९६१ ला लुमुम्बा, मॉरिस म्पोलो आणि जोसेफ ओकितो यांना विमानाने एलिझाबेथव्हिलला नेले. विमानात त्यांना अखंड मारहाण झाली. त्याच रात्री कटांगाचे मंत्री आणि बेल्जियन अधिकारी यांच्या उपस्थितीत तिघांना गोळ्या घातल्या. पुढे एका बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने मृतदेहांचे तुकडे करून ते आम्लात विरघळवले आणि लुमुम्बांचा दात स्वतःकडे ठेवला. तो दात बेल्जियमने कुटुंबाच्या हाती दिला २०२२ मध्ये.

कैद्यांना कटांगात, म्हणजे उघड उघड मृत्यूच्या तोंडी, पाठवण्यात ब्रुसेल्सचा हात किती? हा प्रश्न लुडो डी विट्टे या समाजशास्त्रज्ञाने १९९९ मधल्या आपल्या पुस्तकात तारा आणि कागदपत्रांसह विचारला. आफ्रिकाविषयक मंत्री आस्प्रेमों लिंडेन यांची ऑक्टोबर १९६० ची तार त्यात होती. लुमुम्बांना कायमचे दूर करणे हे तिचे उद्दिष्ट होते. पुस्तकामुळे बेल्जियन संसदेला चौकशी समिती नेमावी लागली, २००१ मध्ये तिने ‘नैतिक जबाबदारी’ मान्य केली आणि २००२ मध्ये सरकारने माफी मागितली. नैतिक जबाबदारीला शिक्षा नसते. म्हणून कुटुंबाने २०११ मध्ये फौजदारी तक्रार केली. ज्यांच्यावर ती होती त्यांच्यापैकी २०२५ मध्ये फक्त दाव्हिन्यों हयात होते. हत्येच्या वेळी ते परराष्ट्र खात्यातले नवखे अधिकारी होते, पुढे युरोपीय आयोगाचे उपाध्यक्ष झाले. वकिलांनी मागणी केली तेव्हा त्यांच्यावरचे आरोप सिद्ध व्हायचे होते. पण वसाहतवादी गुन्ह्याची फाईल फौजदारी न्यायालयाच्या दारापर्यंत जाते, हेच मोठे आहे, आणि खटला उभा राहायलाच हवा.

हत्येची बातमी जगाला कळली १३ फेब्रुवारी १९६१ ला. आठ दिवसांनी सुरक्षा परिषदेने यादवी रोखण्यासाठी गरज पडल्यास बळाचा वापर करण्याची परवानगी दिली. नेहरूंनी त्यानंतर ९९ व्या इन्फंट्री ब्रिगेडला पाठवण्याचा निर्णय घेतला, आणि मार्चपासून साडेचार हजारांहून अधिक भारतीय जवान काँगोत उतरू लागले. याच ब्रिगेडमधल्या कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना त्या डिसेंबरमध्ये एलिझाबेथव्हिलमध्ये वीरमरण आले आणि परमवीर चक्र मिळाले. ब्रिगेड आली तेव्हा देशात चार सरकारे होती: लिओपोल्डव्हिलमध्ये कासावुबू-मोबुटूंचे, स्टॅन्लीव्हिलमध्ये लुमुम्बांचे सहकारी आंत्वान गिझेंगा यांचे, एलिझाबेथव्हिलमध्ये त्शोंबेंचे आणि बाक्वांगात कालोंजींचे. मे महिन्यात दयाल यांनी राजीनामा दिला. त्यांचा आग्रह मात्र मान्य झाला: जुलैमध्ये लोव्हानियम विद्यापीठात शांतिसेनेच्या पहाऱ्यात संसद भरली आणि २ ऑगस्टला सिरिल अडुला पंतप्रधान झाले.

कंपन्यांचा हिशेब याहून रेंगाळला. कटांगाची फुटीरता १९६३ मध्ये मोडून काढली गेली. समभागांवरचा बेल्जियमशी तडजोडीचा करार १९६५ मध्ये झाला, आणि काँगोच्या बाजूने वाटाघाटी करणारे पंतप्रधान होते तेच त्शोंबे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोबुटूने दुसऱ्यांदा सत्ता घेतली. युनियन मिनिएरची काँगोतली मालमत्ता सरकारजमा झाली ती १ जानेवारी १९६७ ला, त्याच्या आदेशाने, आणि पुढची तीस वर्षे त्या खाणींचे उत्पन्न कुठे जाते हे विचारण्याची मुभा कोणत्याही संसदेला मिळाली नाही.