जाळं कापलं, भरपाई मिळाली

मालवणला सहल नेलीत तर डोळ्यांवर काच अन् तोंडात श्वासाची नळी लावून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकावून बघाच. तारकर्लीला होडीतून डॉल्फिनही दिसतात.

याच किनाऱ्यावर कधी एस.टी.एवढा व्हेल शार्क जाळ्यात सापडतो. तो बारीक जीव गाळून खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. २००१ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. मच्छीमार जाळं कापून त्याला सोडतो, फोटो काढून ठेवतो. २०१८ पासून राज्य सरकार त्यापोटी २५ हजारांपर्यंत भरपाई देतं.

आपल्या शिवारात रानडुकरं पीक लोळवतात. तुम्हीही फोटो काढा, वनखात्याकडे लगेच अर्ज द्या. गावकारभाऱ्यांनो, पंचनामा लांबवू नका. भरपाई वेळेवर मिळाली, तरच जनावरही वाचेल अन् शेतकरीही.