डिझेल मोटारीचे अकस्मात बंद पडणे : निदानाची रीत

'निदान' या संस्कृत शब्दाचा प्राचीन अर्थ दोर अथवा दावे असा आहे. कार्याला कारणाशी बांधणारे ते निदान, या अर्थाने तो शब्द पुढे 'मूळ कारण' यासाठी रूढ झाला आणि वैद्यकात रोगनिश्चयाची संपूर्ण प्रक्रियाच त्याने निर्दिष्ट होऊ लागली. यंत्रातील बिघाडाच्या शोधालाही मराठीत हाच शब्द लावतात आणि तो यथार्थ आहे. चालती डिझेल मोटार एकाएकी बंद पडते व पुन्हा सुरू होत नाही, हा प्रसंग घेतला तर लक्षण एक आणि संभाव्य कारणे अनेक, ही निदानातील मूळ अडचण स्वच्छपणे दिसून येते. लक्षणालाच कारण मानून एकामागून एक भाग बदलीत गेल्यास खर्च मात्र वाढतो. बिघाड जागच्या जागी राहतो.

प्रथम यंत्राचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची आउग्सबुर्ग येथे १८९७ मध्ये यशस्वी चाचणी झाली. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. पेट्रोल इंजिनाप्रमाणे यात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. अर्थात पुरेशी हवा, पुरेसे संपीडन आणि योग्य क्षणी योग्य प्रमाणात इंधन, एवढ्यांचीच आवश्यकता असते. गरम झालेल्या, चालत्या इंजिनाचे संपीडन सहसा क्षणात नाहीसे होत नाही. म्हणून अकस्मात बंद पडलेल्या डिझेल गाडीत पहिला संशय इंधनावर जातो. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत तो टाकी, गाळणी, नळ्या, पंप आणि विजेवर उघडणारी इंधनाची झडप येथवरच थांबत असे. १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ या मोटारीबरोबर कॉमन रेल पद्धती प्रवासी गाड्यांत आली. तेव्हापासून इंधन केव्हा व किती सोडावयाचे हे विद्युत्‌-नियंत्रक ठरवितो. त्यामुळे इंधन न मिळणे आणि इंधन सोडण्याची आज्ञाच न मिळणे, असे दोन निराळे पक्ष निर्माण झाले.

माधवनिदानात रोगज्ञानाची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतील पूर्वरूप, रूप आणि उपशय ही तीन येथे विशेष उपयोगी पडतात.

पूर्वरूप म्हणजे बंद पडण्यापूर्वीची चिन्हे. चढावर जोर कमी पडणे, हिसके बसणे, वेग चढ-उतर होणे आणि मग इंजिन थांबणे, हा क्रम इंधन अपुरे पडत असल्याचा आहे. गाळणी तुंबलेली असते, डिझेलमध्ये पाणी मिसळलेले असते अथवा टाकीकडून येणाऱ्या नळीत हवा शिरलेली असते. या शेवटच्या अवस्थेस गॅरेजच्या बोलीत 'एअर घेतली' असे म्हणतात. उलटपक्षी, कळ दाबून दिवा मालवावा तसे इंजिन कोणतीही पूर्वसूचना न देता थांबले, तर संशय विजेच्या बाजूस वळतो : रिले, फ्यूज, वायरिंग, किंवा क्रँकशाफ्टची स्थिती कळविणारा संवेदक. त्याचा संकेत तुटला की दट्ट्या कोठे आहे हे नियंत्रकास कळत नाही आणि तो इंधन सोडणे थांबवितो.

रूप म्हणजे सध्याचे लक्षण. ते स्टार्टर फिरवून पाहावयाचे. इंजिन मुळीच फिरत नसेल तर बॅटरी, तिची जोडणी वा स्टार्टर तपासावा. हे निर्दोष असतील तर इंजिन आतून अडकल्याची शंका घ्यावी. ते नेहमीपेक्षा हलके, भरभर व एकसुरी फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संभव असतो. अशा वेळी पुनःपुन्हा स्टार्टर मारू नये. झडपा दट्ट्यांवर आपटून हानी वाढते. इंजिन नेहमीप्रमाणे फिरते पण पेट घेत नाही, अशा स्थितीत धुराड्याकडे पाहावे. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान हे प्रसिद्ध उदाहरण आहे. येथे मात्र पांढरा धूर हे अग्नीच्या अभावाचे लिंग ठरते. इंधन सिलिंडरपर्यंत पोचत आहे, पण जळत नाही, असा त्याचा अर्थ. धूर मुळीच नसेल तर इंधन पोचतच नाही, असे समजावे. कॉमन रेल गाडीत रेलमधील दाब सुमारे २०० बारपर्यंत चढला नाही तर नियंत्रक सहसा इंजेक्टर उघडीतच नाही. गळका इंजेक्टर अथवा थकलेला पंप हा दाब चढू देत नाही.

उपशय म्हणजे उपाय करून परीक्षा. येथे अधिक सावधगिरी हवी. गाडी अर्धा तास उभी ठेवली असता सुरू झाली, एवढ्यावरून उष्णतेने दुबळा झालेला संवेदक निवल्यामुळे चालू लागला, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु टाकीचे हवाछिद्र बुजल्यामुळे आत निर्माण झालेली पोकळीही तेवढ्या वेळात भरून निघते आणि इंधन शोषणाऱ्या नळीच्या तोंडाशी अडकलेला गाळही तेवढ्यात खाली बसतो. एकाच उपायाने तीन भिन्न कारणे शमतात. म्हणून तो उपाय निर्णायक नव्हे. व्यतिरेक शोधला पाहिजे. गाडी थांबताच, वाट न पाहता, टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा आवाज झाला व गाडी लगेच सुरू झाली तर दोष हवाछिद्राचा. स्टार्टर फिरत असताना फेरेदर्शक काटा निश्चल राहिला तर अनेक गाड्यांत तो संवेदकाचा संकेत तुटल्याचे सुचवितो.

नियंत्रकाच्या स्मृतीतील दोषसंकेतांचेही असेच आहे. 'पी ०३३५' हा संकेत क्रँकशाफ्ट संवेदकाच्या मंडलातील दोष दर्शवितो, 'पी ००८७' रेलमधील दाब कमी असल्याचे सांगतो. पहिला मंडलाविषयी बोलतो, संवेदकाविषयी नव्हे; दोष तुटक्या तारेत वा गंजलेल्या जोडणीतही असू शकेल. दुसरा दाबाविषयी बोलतो, पंपाविषयी नव्हे. गाळणी तुंबली तरी तोच संकेत उमटतो. चिन्हाचा वाच्यार्थ आणि त्यावरून काढलेले अनुमान यांतील अंतर न ओळखल्यामुळेच कित्येक निर्दोष पंप बदलले जातात.

दोन धोके विसरता येत नाहीत. चालत्या गाडीचे इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-चार दाबांत संपते आणि सुकाणू जड होते. म्हणून परीक्षा आरंभण्यापूर्वी गाडी रस्त्याच्या कडेस आणून इशारादिवे लावणे हे पहिले कर्तव्य होय. जुन्या इंजिनात नळीचा नट सैल करून एअर काढीत असत. कॉमन रेलच्या नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असू शकतो, त्या चालू स्थितीत सैल केल्यास डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.

निदानाचा आरंभ अखेर गाडी चालविणाऱ्याच्या वाक्याने होतो. 'पंप गेला' या वाक्यात लक्षण नसून निर्णय आहे. ते ऐकणाऱ्याचा शोध आरंभीच एका दिशेस वळतो. 'चढावर, इंजिन तापलेले असताना, हिसके देत बंद पडली. आदल्या दिवशी डिझेल भरले होते. आता स्टार्टर फिरतो, धूर मात्र येत नाही' हे वाक्य कारणाविषयी काहीच म्हणत नाही. आणि म्हणूनच ते कारणापर्यंत पोचविते.