तांबड्या खडकांतील मैफल

मार्चअखेरचा हिशेब उरकला, की मुलाकडे अमेरिकेस जाऊन तीन-चार महिने राहून यावे, हा अलीकडे व्यापारी घरांतील ज्येष्ठांचा रिवाजच होऊन बसला आहे. नायगारा, वॉशिंग्टन आणि जवळपासचे एखादे जिनमंदिर एवढे पाहून झाले, की उरलेले दिवस खिडकीतून रस्ता न्याहाळण्यात जातात. बार्शीकडील एक कापड व्यापारी सपत्नीक मुलाकडे डेन्व्हरला गेले, तेव्हा त्यांचाही क्रम असाच चालला होता. जूनमधील एका बुधवारी मुलाने सांगितले, की शनिवारी संध्याकाळी रेड रॉक्स येथे वाद्यवृंद ऐकावयास जायचे आहे आणि चार तिकिटे काढून झाली आहेत. घरात ज्यांना सर्वजण अण्णा म्हणतात, त्या एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थांनी प्रथम विचारला तो तिकिटाचा दर. मुलाने आकडा सांगितला. अण्णांनी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले, त्यास चारांनी गुणले आणि म्हणाले, "एवढ्यात दुकानातल्या माणसाचा महिन्याचा पगार निघतो."

"तिकिटं परत होत नाहीत, अण्णा," मुलगा म्हणाला. व्यापाऱ्याला पटणारे याहून मोठे कारण नाही.

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून एक मैल, म्हणजे ५,२८० फूट उंचीवर वसलेले आहे. शहराच्या पश्चिमेस, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी मॉरिसन नावाचे लहानसे गाव लागते. गावालगतच्या डोंगरात, ६,४५० फुटांवर, तांबड्या वालुकाश्माचे दोन अजस्र खडक समोरासमोर उभे आहेत. उत्तरेकडील 'क्रिएशन रॉक' आणि दक्षिणेकडील 'शिप रॉक'. दोहोंची उंची तीनशे फुटांच्या घरात आहे. त्यांच्यामध्ये डोंगराचा उतार द्रोणासारखा खाली उतरत जातो आणि तळाशी तिसरा, काहीसा ठेंगणा खडक आडवा बसलेला आहे. नाट्यगृहास लागणाऱ्या बाजूच्या भिंती, प्रेक्षकांसाठी चढती जमीन आणि रंगमंचामागील पडदा या तिन्ही गोष्टी येथे आयत्या मिळाल्या. हा खडक सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळच्या एका पर्वतरांगेची झीज होऊन जो गाळ साचला, त्याचा हा दगड झाला; त्यातील लोहाच्या गंजाने त्यास तांबडा रंग आला आणि पुढे आजचा रॉकी पर्वत वर उचलला गेला तेव्हा त्याचे थर तिरपे होऊन आकाशाकडे वळले.

या जागेचे मोल प्रथम एका धंदेवाईक माणसाने ओळखले, ही गोष्ट या नियतकालिकाच्या वाचकांना रुचावी. जॉन ब्रिस्बेन वॉकर हा 'कॉस्मोपॉलिटन' या गाजलेल्या मासिकाचा मालक. १९०५ साली त्याने ते मासिक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यास विकले आणि आपले लक्ष मॉरिसनच्या या जमिनीकडे वळविले. १९०६ पासून त्याने खडकांमध्ये तात्पुरता मंच उभारून गाण्यावाजवण्याचे कार्यक्रम सुरू केले; जागेस 'टायटनांची बाग' असे भारदस्त नाव दिले; शेजारच्या डोंगरावर पर्यटकांसाठी दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वेही घातली. १९११ साली प्रसिद्ध ऑपेरा गायिका मेरी गार्डन हिने येथे गाऊन जागेची वाहवा केली. परंतु वाहवा जमेच्या बाजूस धरता येत नाही. वॉकरची आर्थिक स्थिती उतरत गेली आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही सारी जागा डेन्व्हर नगरपालिकेने ५४,१३३ डॉलरला विकत घेतली. ज्याने कल्पना लढविली त्याच्या हाती फारसे काही राहिले नाही. जिने सवडीने खरेदी केली त्या नगरपालिकेकडे ही मालमत्ता आजही आहे. बाजारात असे पुष्कळदा घडते.

पुढील काम जॉर्ज क्रॅनमर या उद्यानप्रमुखाचे. सिसिली बेटावरील टाओर्मिना येथील प्राचीन ग्रीक रंगमंदिर त्याच्या डोळ्यांसमोर होते. आराखडा केला बर्नहॅम हॉइट या वास्तुविशारदाने. हॉइटचे कौतुक त्याने काय बांधले याहून काय बांधले नाही, यासाठी अधिक करावे लागेल. त्याने खांब उभारले नाहीत, कमानी काढल्या नाहीत, खडकाला छिन्नी लावून नक्षी केली नाही. उताराच्या वळणाबरोबर बाकांच्या ओळी वळविल्या, दोन्ही कडांना जुनिपरची झाडे ठेवली आणि काँक्रीटचा रंग दगडाशी मिळता केला. एकंदर सत्तर ओळी आणि साडेनऊ हजारांच्या आसपास आसने असूनही दुरून पाहणाऱ्यास बांधकाम चटकन दिसत नाही. १५ जून १९४१ रोजी हे रंगमंदिर रीतसर खुले झाले आणि २०१५ साली त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

शनिवारी दुपारी चारलाच घरातून निघावे लागले, कारण अण्णांच्या पत्नींचा चौविहार. जूनमध्ये डेन्व्हरला सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि कार्यक्रम साडेसातचा. त्यामुळे जेवणाचा प्रश्न अवघड नव्हता. वाहनतळावर मोटारीचे मागचे दार उघडून डबे मांडून जेवण्याची तेथे पद्धतच आहे. शेजारी कुणी खुर्च्या टाकून गप्पा मारीत होते. सूनबाईंनी ठेपले, मुगाची उसळ आणि दहीभात काढला. चिंता होती ती पाण्याची. इतक्या उंचीवरील विरळ, कोरड्या हवेत घसा लवकर सुकतो, थोडे चढले तरी धाप लागते, म्हणून वारंवार पाणी प्यावे असे तेथे सर्वांनाच सांगितले जाते. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्या सासूबाईंस सूनबाईंनी दुपारपासून घोट-घोट पाणी पाजले होते.

अण्णांचा उजवा गुडघा कुरकुरणारा. तळापासून वरपर्यंत ३८० पायऱ्या आहेत, हे ऐकून त्यांनी घरीच राहण्याची भाषा केली होती. मुलाने मात्र वरच्या ओळींतील जागा घेतल्या होत्या. वरच्या वाहनतळावरून आले, की थोड्याच पायऱ्या उतराव्या लागतात. ज्यांना मुळीच चढउतार जमत नाही, त्यांच्यासाठी सर्वांत खालची आणि सर्वांत वरची अशा दोन ओळींत सोय असते. ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी याची चौकशी करावी. छत्रीस परवानगी नसते, म्हणून अंगात घालावयाचा रेनकोट प्रत्येकाने बरोबर ठेवावा. पाऊस आला तरी कार्यक्रम होतो, हा तेथील नियम.

वरच्या कट्ट्यावर येताच अण्णा थबकले. पायांखाली बाकांच्या ओळींवर ओळी उतरत गेलेल्या, तळाशी हाताच्या पंजाएवढा दिसणारा मंच आणि मंचामागील खडकाच्या माथ्यावरून पूर्वेकडे मैलोन्‌मैल पसरलेले मैदान. त्यात दूरवर डेन्व्हरच्या उंच इमारती. प्रेक्षकांचे तोंड पूर्वेकडे असल्याने मावळतीचे ऊन कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ते पाठीमागून येते आणि समोरच्या खडकांवर पडते. "दुकानाचं तोंड असंच पाहिजे," अण्णा म्हणाले. "संध्याकाळचं ऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर नको."

पाश्चात्त्य वाद्यवृंदाशी या कुटुंबाचा परिचय नव्हता. आकाशवाणीवरील भीमसेन जोशी आणि पुण्यात एकदा ऐकलेला सवाई गंधर्व महोत्सव, एवढीच अण्णांची संगीताची पुंजी. पहिल्या वीस मिनिटांत त्यांना समेची जागा सापडली नाही आणि मान डोलवावी कोठे, हे कळेना. पण एक गोष्ट लक्षात आली. मंचावरील एकट्या बासरीचा बारीक स्वर इतक्या दूर, इतक्या वर स्वच्छ पोहोचत होता. आज येथे ध्वनिवर्धक असतातच; तरी निम्मे काम जागा करते. चढत्या उतारावर पुढील माणसाचे डोके आड येत नाही, तसाच आवाजही अडत नाही. दोन्ही बाजूंच्या खडकांमुळे तो फाकत नाही, आणि हे खडक खडबडीत व तिरपे असल्याने सपाट भिंतीसारखा घुमून परत अंगावर येत नाही.

उजेड हळूहळू वर सरकू लागला. आधी मंच सावलीत गेला, मग खालच्या ओळी, मग शिप रॉकचा पायथा. माथा मात्र कितीतरी वेळ निखाऱ्यासारखा पेटलेला. सूर्य पंचांगातील वेळेच्या बराच आधी डोंगराआड जातो. कोणता सूर्यास्त धरावा, असा प्रश्न सूनबाईंनी विचारला. सासूबाईंनी समोरच्या खडकावरील उन्हाकडे पाहिले, बाटलीतील उरलेले पाणी संपविले आणि बाटली पिशवीत टाकली.

मध्यंतरानंतर पूर्वेच्या मैदानावर वीज लवलवली. प्रथम तो देखावाच वाटला. मग वारा फिरला आणि कार्यक्रम थांबवून सर्वांनी आसऱ्यास जावे, अशी सूचना झाली. उन्हाळ्यात या भागात अशी वादळे अचानक येतात आणि ती नेहमीच सौम्य नसतात. जून २०२३ मध्ये येथे मैफलीच्या वेळी मोठ्या गारा पडून ऐंशी-नव्वद जणांवर उपचार करावे लागले होते. १९८३ च्या जूनमध्ये मात्र यू-टू या आयरिश चमूने थंडी-पावसात, रोडावलेल्या गर्दीपुढे हट्टाने कार्यक्रम केला. त्याच्या चित्रीकरणाने त्या चमूचे आणि या जागेचेही नाव जगभर झाले. आज तिकिटासाठी झुंबड उडते. पण २६ ऑगस्ट १९६४ रोजी खुद्द बीटल्स आले असता ६ डॉलर ६० सेंटची तिकिटेही सगळी खपली नव्हती, सुमारे सात हजारच गेली. दर आणि मागणी यांचा मेळ घालणे तेव्हाही सोपे नव्हते.

वरच्या कट्ट्याखाली अभ्यागतांसाठी दालन आहे, तेथे सारे शिरले. सासूबाईंना हुडहुडी भरली होती. आता घरी जाऊ या, असे त्या म्हणाल्या आणि मुलाने मोटारीची किल्ली काढलीही. अण्णा मात्र भिंतीवरील माहितीफलकासमोर उभे होते. इंग्रजी ते सावकाश वाचतात.

हे रंगमंदिर बांधणाऱ्या मजुरांची ती हकीकत होती. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत लक्षावधी तरुण बेकार झाले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ साली त्यांच्यासाठी 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' नावाची योजना काढली. मुलांनी छावणीत राहावयाचे आणि जंगल, रस्ते, उद्याने यांची कामे करावयाची. अशीच एक छावणी मॉरिसनला होती. तेथील पोरांनी १९३६ पासून पाच वर्षे सुरुंग लावून मधले धोंडे फोडले, माती वाहिली, दगड रचले. अन्न, कपडे, निवारा सरकारचा. पगार महिना ३० डॉलर. त्यातील २५ डॉलर परस्पर घरच्यांना पाठविले जात आणि मुलाच्या हाती पाच पडत.

"सहातले पाच," अण्णा म्हणाले.

मुलाला अर्थ कळला नाही. मग अण्णांनी सांगितले. सोळाव्या वर्षी ते मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात एका पेढीवर लागले होते. रात्री गाद्यांवरच झोपावयाचे, जेवण मालकाच्या रसोड्यात. पगार १२० रुपये. दर महिन्याच्या दहा तारखेला १०० रुपयांची मनीऑर्डर बार्शीला जाई. दोन बहिणींची लग्ने त्यावर झाली. उरलेल्या २० रुपयांत तेल, साबण, केस कापणे आणि कधीमधी चौपाटी. ही गोष्ट मुलाने कधी ऐकली नव्हती. त्याला ठाऊक होते ते भरलेले दुकान.

"तू कधी सांगितलं नाहीस," मुलगा आईला म्हणाला.

"मलाच मनीऑर्डरीचं माहीत होतं, चौपाटीचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

पाऊण तासाने पाऊस ओसरला आणि वादक पुन्हा जागेवर आले. पुष्कळ लोक निघून गेले होते. किल्ली मुलाच्या हातातच होती. पण अण्णा पायऱ्या उतरू लागले होते, आणि आपल्या ओळीपाशी न थांबता आणखी खाली चालले होते. गुडघ्यावर हात ठेवीत, दर चार पायऱ्यांनी थांबून ते मधल्या ओळींपर्यंत गेले. रिकाम्या बाकावरील पाणी त्यांनी रुमालाने पुसले. मग वाकून बाकाखालचा दगडी जोड बोटाने चाचपून पाहिला, कापडाचा पोत पाहावा तसा. सूनबाईंनी आपला रेनकोट सासूबाईंच्या अंगावर घातला. चौघे शेवटपर्यंत बसले. ढग फाटले होते आणि डेन्व्हरचे दिवे धुतल्यासारखे लखलखत होते.

वाहनतळातून बाहेर पडावयास पाऊण तास लागला. हजारो मोटारी एकाच अरुंद घाटरस्त्याने उतरतात, त्यास इलाज नाही. त्या रांगेत असता अण्णांनी विचारले, की दिवसा तेथे जाता येते का आणि त्यास किती पैसे पडतात. मुलाने सांगितले, की एरवी हे उद्यान सर्वांस विनामूल्य खुले असते. सूर्योदयापूर्वी तासभर उघडते आणि सकाळी कितीतरी लोक व्यायाम म्हणून त्याच पायऱ्या चढतात-उतरतात.

"मग मंगळवारी जाऊ," अण्णा म्हणाले. "तुला ऑफिस असेल. मला सोड आणि जा."