संमतीची सही करण्यापूर्वी

राळेगणसिद्धीने श्रमाला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या प्रेरणेने या अवर्षणग्रस्त गावात श्रमदान झाले, पाणी अडले, शेती सावरली. याच पारनेर तालुक्यात आता सुपे येथील औद्योगिक वसाहतही अनेक हातांना काम देते. शेतावर कामाची वेळ ऋतू ठरवतो. कारखान्यात ती कायदा ठरवतो. हा कायदा बदलत असताना कुटुंबाने त्याकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तास करण्याचे ठरले. मात्र त्यासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक मानली आहे. जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने देणे हे तर कायद्याचे जुनेच बंधन आहे.

आता थोडा हिशेब करू. १४४ तास तेरा आठवड्यांत विभागले, तर आठवड्याला सुमारे ११ तास होतात. नेहमीच्या ४८ तासांत ते मिळवले की बेरीज ५९ होते. जुन्या मर्यादेतही ती ५७ च्या जवळ जातच होती. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

म्हणून संमतीपत्र घरी आणावे आणि सर्वांनी मिळून वाचावे. जाण्यायेण्याचा वेळ धरून झोपेला सात तास उरतात का? रात्रपाळीनंतर दुचाकीवरून एकट्याने परतावे लागते का? रक्तदाब वा मधुमेह असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच सही करावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यानुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यावे लागते. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्यतपासणी मालकाने करून द्यावी, असेही केंद्राने जाहीर केले आहे. नियुक्तिपत्र आणि तपासणीचा अहवाल, दोन्ही आपल्याकडे जपून ठेवावेत.

सरकारी कागद पाहण्याचा हक्क सामान्य माणसाला मिळावा, म्हणून अण्णांनी आंदोलने केली. राज्यात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. कारखान्याच्या सुरक्षा-तपासणीविषयी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आपल्यालाही अर्ज करता येतो. जादा तासांची मिळकत घराला हवीच असते. पण ती आणणारा माणूस धडधाकट राहावा, यासाठी कागद वाचण्याची सवय घराघरांत रुजली पाहिजे.