संतुलन पुनर्वसन
संतुलन पुनर्वसन ही डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसल्यानंतर, म्हणजेच कन्कशननंतर, रेंगाळणारी चक्कर व तोल जाणे कमी करणारी व्यायामाधारित उपचारपद्धती होय. आंतरकर्ण, डोळे, स्नायू व सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांचा मेंदूत मेळ बसल्याने तोल राखला जातो; हादऱ्याने तो मेळ बिघडतो. १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये टेरेन्स कॉथॉर्न आणि एफ. एस. कुक्सी यांनी अशा रुग्णांसाठी क्रमवार व्यायाम तयार केले. एका बिंदूवर नजर स्थिर ठेवून मान वळवणे हा त्यांतील एक प्रकार. व्यायामाने आरंभी चक्कर किंचित वाढू शकते. मेंदूला सराव होताच ती ओसरू लागते. त्यामुळे दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे हितावह मानले जात नाही. पहिले २४ ते ४८ तास मर्यादित विश्रांती घ्यावी आणि चक्कर १० दिवसांहून अधिक टिकल्यास हे उपचार विचारात घ्यावेत, अशी शिफारस २०२२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेतील सहमती-निवेदनात आहे.