लाईट गेली आणि निबंध उडाला!

आज एक कोडं घालतो. समजा, तुम्ही टेबलावरच्या संगणकावर निबंध टाईप करायला बसलात. पडद्यावर मागे रायगडाचं चित्र लावलेलं आहे. ते तुम्हीच मागच्या आठवड्यात लावलं होतं. शेजारच्या खिडकीत कालची चित्रकलेची फाईल उघडी आहे. पानभर निबंध झाला, आता शेवटचा परिच्छेद लिहायचा, एवढ्यात लाईट गेली! घरात इन्व्हर्टर नाही. अर्ध्या तासानं लाईट आली आणि तुम्ही घाईघाईनं संगणक चालू केला. रायगड जागच्या जागी आहे. कालचं चित्रही सुखरूप आहे. निबंधाचा मात्र पत्ता नाही!

एकाच यंत्रातल्या तीन गोष्टी. त्यातल्या दोन वाचल्या आणि एक गेली. असं का व्हावं? या कोड्याचं उत्तर ज्याला नीट कळलं, त्याची तासभराची मेहनत सहसा पाण्यात जात नाही. म्हणून चला, संगणकाच्या पोटात जरा डोकावू या.

फळा आणि वही

संगणकाकडे माहिती ठेवायच्या दोन मुख्य जागा असतात. एकीला म्हणतात रॅम आणि दुसरी म्हणजे डिस्क. रॅम म्हणजे वर्गातला फळा समजा. तिच्यावर झरझर लिहिता येतं, झरझर पुसता येतं. पण तिला सतत वीज लागते. वीज गेली की फळा कोरा! डिस्क म्हणजे वही. तिच्यात लिहायला जास्त वेळ लागतो, पण वीज गेली तरी लिहिलेलं राहतं.

आता गंमत बघा. तुम्ही टाईप केलेलं प्रत्येक अक्षर आधी फळ्यावर जातं. पडद्यावर तुम्हाला दिसतो तो फळाच. म्हणजे एखादी गोष्ट पडद्यावर दिसते आहे, म्हणून ती वहीत उतरली आहे असं अजिबात नाही. आपली फसगत होते ती नेमकी इथंच.

प्रोग्रॅमचंही तसंच आहे. ज्याच्यात आपण निबंध लिहितो, तो प्रोग्रॅम एरवी डिस्कवर निपचित पडलेला असतो. आपण त्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली, की त्यातल्या सूचना रॅममध्ये आणल्या जातात आणि संगणक त्या एकामागून एक पाळू लागतो. अशा चालू प्रोग्रॅमला 'प्रोसेस' म्हणतात. शाळेत जसा तुमचा हजेरी क्रमांक असतो, तसा प्रत्येक प्रोसेसलाही क्रमांक मिळतो. हा क्रमांक देणारी, कुणाला किती जागा आणि किती वेळ द्यायचा ते ठरवणारी बाई म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज, लिनक्स, मॅक-ओएस ही तिची नावं तुम्ही ऐकली असतीलच.

एक प्रोग्रॅम दोनदा उघडला तर? पाठ्यपुस्तकातली एकच कविता 'अ' तुकडीत आणि 'ब' तुकडीत एकाच वेळी म्हणता येते की नाही? 'अ' तुकडी मधेच थांबली म्हणून 'ब' तुकडी थांबत नाही, आणि पुस्तकातली कविता तर कुठंच जात नाही. प्रोग्रॅम हे पुस्तक आणि प्रोसेस म्हणजे प्रत्यक्ष म्हणणं. म्हणूनच अडकलेली प्रोसेस बंद केली तरी प्रोग्रॅम काही नाहीसा होत नाही. तो पुन्हा उघडता येतो.

'सेव्ह' म्हटलं की काय होतं?

कंट्रोल आणि एस या कळा एकदम दाबल्या, की फळ्यावरचा मजकूर वहीत उतरवायला सुरुवात होते. दिसायला हे काम एका क्षणाचं. पण त्यात दोन खाचखळगे आहेत, बरं का!

पहिला असा. प्रोग्रॅम म्हणतो, "एवढं डिस्कवर लिही." ऑपरेटिंग सिस्टिम म्हणते, "हो, झालं!" आणि पुष्कळदा तो मजकूर थोडा वेळ स्वतःच्या फळ्यावरच ठेवते. हा आळशीपणा नव्हे. दर ओळीला दुकानात धावण्यापेक्षा यादी करून एकदम सामान आणावं, तसा हा हिशोब. पण मधल्या काही क्षणांत वीज गेली, तर ते सामान घरी आलेलंच नसतं! म्हणून संगणक बटण दाबून तडकाफडकी बंद करायचा नाही, 'शट डाऊन' करायचा. पेन ड्राईव्हही आधी 'इजेक्ट' करून मगच काढायचा. तेवढ्या वेळात राहिलेली यादी पूर्ण होते.

दुसरा खळगा याहून मोठा. समजा, प्रोग्रॅमनं जुनी फाईल पुसली, नवी लिहायला घेतली आणि अर्ध्यात लाईट गेली. मग जुनीही गेली आणि नवीही अर्धवट! यावर हुशार प्रोग्रॅमकारांनी एक युक्ती काढली आहे. जुन्या फाईलला हातच लावायचा नाही. शेजारी दुसऱ्याच नावाची एक तात्पुरती फाईल उघडायची, सगळा मजकूर तिच्यात नीट लिहून घ्यायचा आणि शेवटी जुन्या फाईलचं नाव तिला द्यायचं. नाव बदलणं हे एका झटक्यात होणारं काम आहे. त्यामुळे संकट कधीही आलं, तरी तुमच्या हातात एकतर जुनी पूर्ण फाईल असते, नाहीतर नवी पूर्ण फाईल. काम करताना फोल्डरमध्ये कधीकधी विचित्र नावाच्या फाईली क्षणभर चमकून जातात, त्यातल्या काही या असतात.

आवडीनिवडींची चिठ्ठी

आता रायगडाच्या चित्राकडे वळू. अक्षराचा आकार, खिडकीचा रंग, मागचं चित्र, या झाल्या तुमच्या आवडीनिवडी, म्हणजेच 'सेटिंग्ज'. प्रोग्रॅमला त्या लक्षात कशा राहतात? तर त्याही डिस्कवरच लिहिलेल्या असतात! १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये यासाठी साध्या मजकुराच्या चिठ्ठ्या असत. त्यांना 'आय-एन-आय' फाईली म्हणत. त्यांचा थाट साधारण असा असे:

[अक्षर]
आकार=१४
रंग=निळा

आहे की नाही सोपं? कुणीही उघडावं आणि वाचावं! पण प्रत्येक प्रोग्रॅमच्या अशा चिठ्ठ्या साठून साठून पसारा झाला. मग १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ने बहुतेक आवडीनिवडी 'रजिस्ट्री' नावाच्या एकाच मोठ्या कोठारात ठेवायला सुरुवात केली. हे कोठार आजच्या विंडोजमध्येही आहे. तिथं मात्र उगाच हात घालायचा नाही. एक चुकीची नोंद झाली तर संगणक चालू व्हायलाच नकार देऊ शकतो!

युनिक्स आणि लिनक्सवर रीत निराळी. तिथं आवडीनिवडींच्या पुष्कळ फाईलींचं नाव टिंबानं सुरू होतं आणि अशा फाईली एरवीच्या यादीत दिसत नाहीत. हे कुणी मोठा विचार करून ठरवलं असेल, असं वाटतं ना? रॉब पाईक हे युनिक्सच्या जुन्या जाणकारांपैकी एक. त्यांनी सांगितलेली हकीकत वेगळीच आहे. प्रत्येक फोल्डरच्या यादीत 'एक टिंब' आणि 'दोन टिंबं' अशा दोन नोंदी येत. एक त्या फोल्डरसाठी आणि दुसरी त्याच्या वरच्या फोल्डरसाठी. त्या दिसू नयेत म्हणून यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सोपी अट घातली गेली: पहिलं अक्षर टिंब असेल तर ते नाव दाखवू नकोस. झालं! टिंबानं सुरू होणारी सगळीच नावं लपली. मग लोकांनी आपापल्या चिठ्ठ्या ठेवायला तीच आयती जागा धरली. एक आळशी शॉर्टकट आणि त्याची पुढे रीतच पडली!

पण चिठ्ठी लिहायची कधी? काही प्रोग्रॅम बदल केल्याबरोबर लिहितात, काही बंद होताना लिहितात. फायरफॉक्स या ब्राऊझरच्या सेटिंग्जच्या फाईलीवर अगदी वरच सूचना असते, की ही फाईल हातानं बदलू नका, कारण प्रोग्रॅम चालू असताना केलेले बदल तो बंद होताना पुसले जातील. का बरं? कारण फायरफॉक्स सुरू होताना ती चिठ्ठी वाचून आपल्या फळ्यावर उतरवून घेतो. तुम्ही वहीत खाडाखोड केलीत तरी त्याच्या फळ्यावर जुनंच असतं. जाताना तो फळ्यावरचंच पुन्हा वहीत उतरवतो. पुन्हा तोच फळा आणि तीच वही!

तर कोड्याचं उत्तर मिळालं. रायगडाचं चित्र आणि कालची चित्रकला वहीत होती. निबंध होता फक्त फळ्यावर.

प्रोग्रॅम रुसला तर?

कधीकधी लाईट जात नाही, पण प्रोग्रॅमच गोठतो. टिचक्या मारा, कळा बडवा, ढिम्म हलत नाही. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे दोन मिनिटं थांबणं. पुष्कळदा तो मोठ्या फाईलशी झटत असतो आणि नंतर आपोआप शुद्धीवर येतो.

नाहीच आला, तर प्रोसेस थांबवावी लागते. त्याचे दोन प्रकार आहेत. खिडकीच्या फुलीवर टिचकी मारणं ही झाली विनंती. तेव्हा प्रोग्रॅम आवरासावर करतो आणि "सेव्ह करू का?" असं विचारतो. युनिक्स-लिनक्सवर या विनंतीच्या निरोपाला १५ हा क्रमांक आहे. ९ क्रमांकाचा निरोप मात्र सक्तीचा! तो आला की प्रोसेस तिथंच खलास. आवरायला एक क्षणही मिळत नाही. फळा पुसला जातो, न उतरवलेला मजकूर जातो आणि बंद होताना लिहायच्या आवडीनिवडीही जातात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जाऊन प्रोसेस संपवणं हे असंच. म्हणून तो शेवटचा उपाय.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हे त्रिकूट तुम्हाला माहीत असेल. आयबीएम कंपनीचा पहिला पीसी १९८१ साली आला. तो घडवणाऱ्या चमूतल्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरनं ही युक्ती काढली. दरवेळी वीज बंद न करता संगणक पुन्हा सुरू करता यावा, एवढाच हेतू होता. चुकून धक्का लागून काम उडू नये म्हणून कळाही लांब लांबच्या निवडल्या: दोन डावीकडे आणि एक थेट उजवीकडे. आजच्या विंडोजमध्ये या त्रिकुटानं संगणक एकदम पुन्हा सुरू होत नाही. एक यादी समोर येते आणि तिच्यातून टास्क मॅनेजर उघडता येतो.

कुलूप आणि पाठराखण

वर्डमध्ये एखादी फाईल उघडी असताना त्याच फोल्डरमध्ये '~$' अशा खुणेनं सुरू होणारी एक लपलेली चिमुकली फाईल तयार होते. ती म्हणजे दारावरची पाटी: 'आत कुणीतरी आहे.' दोघांनी एकाच वेळी लिहून एकमेकांचं काम पुसू नये म्हणून ही काळजी. काम संपलं की पाटी काढली जाते. पण लाईट गेली तर ती काढणार कोण? पाटी तशीच राहते आणि पुढच्या वेळी कधीकधी 'फाईल दुसरीकडे उघडी आहे' असा निरोप येतो. घाबरायचं कारण नाही. घर रिकामं आहे, पाटी तेवढी राहिली आहे!

काही प्रोग्रॅम आपल्या नकळत पाठराखणही करतात. वर्ड ठरवून दिलेलं नसेल, तर दर १० मिनिटांनी एक वेगळी प्रत करून ठेवतो. १९९१ साली लोकांसमोर आलेला 'व्हिम' हा प्रोग्रॅम तर साधारण २०० अक्षरं टाईप झाली, किंवा ४ सेकंद हात थांबला, की शेजारच्या फाईलीत नोंद करतो. मोबाईलवरची पुष्कळ ॲप्स न सांगताच साठवतात. पण १० मिनिटांत किती लिहून होतं, याचा विचार करा. पाठराखण करणारा असला म्हणून आपण डोळे मिटायचे का?

आता हे करून बघा

घरच्यांना विचारून संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. काहीही बंद करू नका, फक्त बघा. तुम्ही एकच प्रोग्रॅम उघडला असेल, पण यादी लांबलचक दिसेल. पडद्यामागे कितीजण राबत असतात ते कळेल!

आणि एवढं पक्कं करा. निबंधाचं पहिलं वाक्य लिहायच्या आधीच फाईलला नाव देऊन ती सेव्ह करायची. मग प्रत्येक परिच्छेद संपला की पूर्णविरामाबरोबर कंट्रोल-एस. आणि काम महत्त्वाचं असेल तर संध्याकाळी त्याची एक प्रत पेन ड्राईव्हवर, कारण वहीसुद्धा कधीतरी फाटते! लाईट कधी जाईल हे आपल्या हातात नाही. पण ती गेल्यावर एक वाक्य पुन्हा लिहायचं की अख्खा निबंध, हे मात्र आपल्याच हातात आहे.