महाविद्यालयीन क्रीडा व वृत्त प्रक्षेपणातील कॅमेरा आणि ध्वनिकार्याचे शिक्षण

प्रस्तावना

क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलने व परिसरातील घडामोडी यांचे विद्यार्थ्यांनी केलेले प्रक्षेपण आज दुर्मीळ राहिलेले नाही. साध्या मोबाईलवरूनही ते शक्य होते. परंतु साधन सुलभ झाले म्हणजे कौशल्य सुलभ झाले असे नव्हे. अशा प्रक्षेपणांतील चित्र बहुधा पाहण्याजोगे असते. आवाज मात्र अनेकदा ऐकण्याजोगा नसतो. कॅमेरा हाती घेण्यास सारेच उत्सुक असतात आणि ध्वनीचे काम उरलेल्याच्या वाट्याला येते, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. ध्वनीचे शिक्षण कॅमेऱ्याच्या बरोबरीने, किंबहुना त्याआधी दिले जावे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असून त्यासाठी कबड्डीच्या सामन्याचे उदाहरण घेतले आहे.

पार्श्वभूमी

भारतीय उच्च शिक्षणाला प्रक्षेपण नवे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून १९८४ पासून प्रसारित होऊ लागले. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा देण्याचा निर्णय २००२ मध्ये झाला व २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असे केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ केंद्रही याच परंपरेतील होय. केवळ ध्वनीच्या बळावर मैदान उभे करता येते, हे आकाशवाणीवरील बाळ ज. पंडित यांच्या मराठी क्रिकेट समालोचनाने पूर्वीच सिद्ध केले होते.

कॅमेऱ्याचे स्थान

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मुख्य कॅमेरा मध्यरेषेच्या सरळ रेषेत, बाजूला व काहीशा उंचीवर ठेवल्यास दोन्ही संघ डावी-उजवीकडे दिसतात. अन्य कॅमेरेही मैदानाच्या त्याच बाजूस असावेत. एखादा कॅमेरा समोरच्या बाजूस गेल्यास डावीकडून उजवीकडे जाणारी चढाई पुढच्याच दृश्यात उलट दिशेने जाताना दिसते व प्रेक्षक गोंधळतो.

नवशिक्या विद्यार्थ्याची सर्वसाधारण चूक म्हणजे चढाई करणाऱ्याच्या चेहऱ्यामागे धावणे. चढाई ३० सेकंदांची असते. पकड कोणत्या कोपऱ्यातून होईल हे आधी कळत नाही. म्हणून मुख्य कॅमेऱ्याने बचाव करणारा संपूर्ण संघ व निदान रेषा चौकटीत ठेवावी. जवळची दृश्ये दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपावीत. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने बंदिस्त सभागृहात शटरची गती एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवल्यास दिव्यांची लुकलुक टळते. जखमी खेळाडूचे निकट दृश्य रेंगाळत न दाखविणे, हाही याच शिक्षणाचा भाग आहे.

ध्वनीचे शास्त्र

कबड्डीत ध्वनी हा शोभेचा भाग नसून खेळाचाच भाग आहे. चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी’ हा उच्चार स्पष्टपणे व सलग करणे नियमाने आवश्यक असते. तो दम ऐकू आला नाही, तर पंचांचा निर्णय प्रेक्षकाला उमगत नाही. मोकळ्या जागेत मायक्रोफोनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. त्यामुळे कॅमेऱ्यावरील मायक्रोफोन दुरून गर्दीचा गोंगाटच अधिक टिपतो. दमासाठी मैदानाच्या कडेला दिशादर्शी मायक्रोफोन, समालोचकासाठी तोंडाजवळचा मायक्रोफोन आणि प्रेक्षकांसाठी तिसरा, असे तीन स्रोत स्वतंत्र घेऊन मिक्सरवर त्यांचे प्रमाण ठरवावे.

अंकीय ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. ती ओलांडल्यास फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही. म्हणून बोलण्याची पातळी शून्याच्या बऱ्याच खाली, साधारणतः उणे १२ डेसिबलच्या आसपास राखावी. अन्यथा विजयाच्या जल्लोषाला जागाच उरत नाही. वृत्तांकनात मुलाखतीपूर्वी त्या जागेचा केवळ परिसरध्वनी अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवल्यास संकलनातील सांधे झाकता येतात. आणि हेडफोन कानावर असल्याखेरीज मुद्रण सुरू करू नये.

अध्यापनाची रचना

मुख्य कॅमेरा, दुसरा कॅमेरा, ध्वनी, समालोचन व दृश्यनिवड ही पाच कामे प्रत्येक विद्यार्थ्याने आळीपाळीने करावीत. प्रारंभ ध्वनीपासून व्हावा. सामन्यानंतर मुद्रण दोनदा तपासावे: एकदा चित्र बंद ठेवून, एकदा आवाज बंद ठेवून. पहिल्या वेळी गुणसंख्या व निर्णय समजले नाहीत, तर दोष ध्वनीत वा समालोचनात आहे. दुसऱ्या वेळी चढाईची दिशा कळली नाही, तर तो कॅमेऱ्यात आहे. मूल्यमापनास याहून सोपी कसोटी नाही.

निष्कर्ष

मर्यादित निधीत दुसऱ्या कॅमेऱ्याआधी चांगला मायक्रोफोन व हेडफोन घेणे श्रेयस्कर ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ध्वनीचे काम करणारा विद्यार्थी दुय्यम नाही, ही जाणीव अध्यापकाने कामाच्या वाटपातून व गुणदानातून करून द्यावी. जो नीट ऐकावयास शिकतो, त्याला कोठे पाहावे हेही लवकर उमगते.